मालक: एलेउतेरियो

केम्चीच्या धक्क्यावर शिंपलेवाल्यांच्या मंडळाची खोली:
एक चूल, एक खिडकी, एक संगणक,
त्याच्यावर लोकरीचं विणलेलं झाकण,
त्याला थंडी वाजत असावी तसं.

मला बोलावलं,
कारण सचिव ओतिलियाबाईंनी हात टेकले होते.
सकाळपासून बारा वेळा ‘जतन करा’ दाबलं,
बाराही वेळा उत्तर एकच:
परवानगी नाही.
वाचता येतं, अक्षर न् अक्षर.
बदलताही येतं.
बदललेलं टिकत नाही, एवढंच.

"माझ्याच बोटांनी लिहिलेलं," बाई म्हणाल्या,
"आणि मीच परकी?"

मी फोल्डरचे गुणधर्म उघडले.
मालक: एलेउतेरियो.
गट: कुणी नाही.
इतर: फक्त वाचावं.

चुलीतलं ओलं लाकूड तेवढं बोललं.

दहा वर्षं तो इथला खजिनदार.
यंत्र त्यानंच आणलं, बोटीतून,
पिठाच्या पोत्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन.
सगळं आपल्या नावावर उघडलं,
दुसऱ्या कुणाला तेव्हा उघडता येत नव्हतं म्हणून.
मग गेल्या हिवाळ्यात चाळीस पोत्यांच्या हिशेबावरून
शब्दाला शब्द लागला.
त्यानं किल्ली टेबलावर ठेवली.
कुठे गेला? लांब नाही.
चढावरचं तिसरं घर, पिवळ्या फळ्यांचं.
अकरा महिने त्या चढावर कुणी पाऊल टाकलं नव्हतं.

"आणि कागद कसला आहे हा?"
बाई चुलीकडे बघत म्हणाल्या,
"त्याचा राजीनामा मंजूर केल्याचा ठराव."

मी हसू गिळलं.
खिशात पेनड्राइव्ह होता.
त्यावरून यंत्र सुरू केलं की एक ओळ पुरते,
मालक बदलतो, कुणाला विचारावं लागत नाही.
याचेच तर मला पैसे मिळतात.

"थांब," बाई म्हणाल्या.

आमच्याकडे कुणाच्या घरात शिरताना
उंबऱ्यावर थांबून म्हणतात: पेरमिसो.
आतून ‘ये’ ऐकू येईस्तोवर पाय उचलायचा नाही.
पडद्यावर सकाळपासून तोच शब्द होता,
त्याच्यापुढे एक नकार.
"यंत्र चुकीचं काही सांगत नाहीये,"
असं म्हणून त्यांनी शाल घेतली.

ओहोटी होती. बोटी चिखलात कुशीवर पडलेल्या.
चढावर बाईंना दोनदा धाप लागली,
दुसऱ्यांदा ती खरी नव्हती.

पिवळं दार अर्धं उघडं.
"पेरमिसो," त्या म्हणाल्या,
इतक्या हळू की मलाच वाटलं, पुन्हा म्हणावं लागेल.
आत सुरी थांबली.
मग पुन्हा चालली.
मग, "ये."

तो बटाटे सोलत होता.
"माझं नाव अजून आहे तिथं?"
"सगळीकडे," मी म्हणाले.
यावर तो खूश झाला की ओशाळला, मला कळलं नाही.
त्यानं हात पँटला पुसले, नीट नाही पुसले.

खोलीत येऊन दोन बोटांनी पासवर्ड टाकला.
आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत राहिलो,
बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.
ठराव त्यानं पहिल्यापासून वाचला,
ओठ हलवत, आपल्याच जाण्याची हकीकत.
"चाळीस नव्हती पोती," म्हणाला, "अडतीस."
"मग लिही अडतीस," बाई म्हणाल्या.
त्यानं लिहिलं. जतन केलं.
यंत्रानं हूं की चूं केलं नाही.

नंतर मी विचारलं, मालक कोण करू?
दोघांनी एकमेकांकडे पाहिलं,
जेवणाचं बिल पुढ्यात आल्यावर पाहतात तसं.
"मंडळ कर," तो म्हणाला. "मला वाचायला ठेव."

जाताना दारात बाई उभ्या होत्या.
"पेरमिसो," तो म्हणाला,
वाट मागायलाही आमच्याकडे तोच शब्द.
त्या बाजूला झाल्या.

राजीनामा मंजूर, चौदा तारखेपासून.
शेवटचा बदल: एलेउतेरियो, सहा वाजून दहा मिनिटं.
झाकण घालताना पाहिलं तर
मोकळ्या जागेच्या लांब बटणावर
बटाट्याच्या पिठाचा एक पांढरा अंगठा.
मी पुसायला फडकं उचललं,
बाई म्हणाल्या, राहू दे.