पुसट आकडा

बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेली एक कागदी पट्टी,
तिच्यावर बाबांचं अक्षर: टायमिंग बेल्ट बदलला.
पुढे किलोमीटर.
एक लाख बत्तीस हजार, किंवा एक लाख ब्याऐंशी.
मधला आकडा तीन की आठ, कळत नाही.
तीनाच्या उघड्या बाजूवर तेलाचं बोट उमटलंय,
बहुतेक त्यांचंच.

आज काटा दोन लाख तेरावर.
ब्याऐंशी असेल तर मी निवांत.
बत्तीस असेल तर कधीपासूनची
उधारीवर फिरतेय, ताकुआरेंबो ते शाळा,
शाळा ते ताकुआरेंबो,
निलगिरीचे ओंडके लादलेल्या ट्रकांच्या मागून,
जुलैच्या धुक्यात, मांडीत थर्मास धरून.

मी भिंग लावून पाहिलं.
मोबाईलवर फोटो मोठा करून पाहिला.
बाबांच्या जुन्या वह्यांतले तीन काढले, आठ काढले,
त्यांचे तीनही जरा आठाकडे झुकणारे.
रेडिओ बंद करून गाडी चालवली, कान देऊन.

वॉशिंग्टन मेकॅनिक हसला.
"साखळी असती तर खडखडली असती.
हा पट्टा आहे, नेलिडा. हा आजारी पडत नाही.
हा दात घट्ट धरून असतो, असतो,
आणि मग नसतो.
तेवढ्यात पिस्टन वर येतो, व्हॉल्व्ह खाली,
आणि मी तुझ्याकडून इंजिनाचे पैसे घेतो."

पट्टा, ताणपुली, उघडलंच आहे तर पाण्याचा पंपही.
माझा अर्धा पगार.
मी म्हटलं, आधी तो आकडा तर लागू दे.
त्याने येर्बाचा कडू घोट संपवला, पेला माझ्याकडे सरकवला.
"आकडा सोड. रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं.
दोन एर्मेनेहिल्दो जाऊन किती वर्षं झाली?"

सहा.
सहा वर्षं आणि एक हिवाळा.
पट्टा त्यांनीच बदलला होता, म्हणजे त्याच्याही आधीचा.
तीन असो, आठ असो.
एवढे दिवस मी भिंगातून
नक्की काय शोधत होते कोण जाणे.

गुरुवारी गाडी सोडली, शनिवारी आणली.
काढलेला पट्टा त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.
मी तो उलटा दुमडून पाहिला: एक चीर नाही,
दात सगळे जागेवर.
"अजून चालला असता?"
"असता," वॉशिंग्टन म्हणाला.
मग हात पुसत, "ऊरुग्वाय भाषेत असता म्हणजे
काळ आला होता, वेळ आली नव्हती."

कागदी पट्टी मी काढली नाही.
तिच्याखाली नवी लावली, माझ्या अक्षरात,
आकडा अंकात आणि अक्षरीही,
बँकेच्या चेकवर लिहितात तसा. वर तारीख.

जुना पट्टा परसातल्या फाटकाला बांधलाय.
तिथे तुटला तर फार तर
शेजाऱ्यांची मेंढी आत येईल.