हा करा बगू

सड्यावर पहाटे आधी मी स्वतः फुंकते.
शून्य शून्य शून्य. नोंद, सही, वेळ पाच बावन्न.
मग ते येतात,
कडक इस्त्री, खांद्यावर चार सोनेरी पट्टे,
आणि शाळेतल्या पोरांसारखे गाल फुगवतात.
मला हसू येतं. तीन वर्षं झाली, अजून येतं.

आज कॅप्टन सरंजामे.
यंत्रानं आवाज केला नाही, नुसता आकडा दाखवला,
लाजल्यासारखा.
खरं तर यंत्राच्या आधी मलाच कळलं होतं.
एप्रिलात इथे कुणालाही कळेल:
तुडवलेल्या बोंडांचा, भट्टीच्या धुराचा,
जरा सडलेल्या गोडीचा तो वास.
उर्राक. काल रात्री भोगव्याला
कुणीतरी फार प्रेमानं पाजलेली.

माउथवॉश असेल, म्हणाले.
मग म्हणाले, केळं खाल्लं होतं, पिकलेलं.
मग, "अकरा वर्षांत काही झालं नाही, मॅडम."

नियमाप्रमाणे थोडं थांबून पुन्हा फुंकायचं असतं.
भिंतीवरच्या घड्याळाला काटे आहेत
हे मला तेवढ्याच वेळात दिसतं.
धावपट्टीवर टिटवी ओरडत होती.
ड्यूटी मॅनेजर दारातून तिसऱ्यांदा विचारून गेले,
यंत्र बरोबर आहे ना?
मी त्यांच्यासमोर फुंकून दाखवलं.

माझा बाप कर्लीच्या खाडीत तर चालवायचा.
वल्हं हातात देण्याआधी आई त्याला दारात उभं करी.
"तोंड उघडा. हा करा बगू."
एवढा थोरला तांडेल
चुलीच्या उजेडात वाकून हा करायचा.
"वायच घेतलंय. थंडी होती मगे."
"आज होडी सुटाची नाय."
आणि वल्हं परत पडवीच्या आढ्याला.
पलीकडची माणसं हाका मारून दमायची,
मासळीच्या पाट्या उन्हात तापायच्या,
शिव्या आईला पडायच्या. बापाला नाही.

एकदा ती विहिरीवर असताना तो निघून गेला.
चौदा माणसं, दोन सायकली, कुणाची तरी पाडी.
काहीच झालं नाही.
पुढे मरेपर्यंत सांगायचा,
तशी नेली होती मी होडी, खाडीला कळलंसुद्धा नाही.
आई तेव्हा धक्क्यावर उभी होती,
भरलेली कळशी कमरेवर,
खाली ठेवायचं भान नाही,
होडी परत लागेपर्यंत.
काहीच झालं नाही हे वाक्य
तिनं तेवढा वेळ कमरेवर पेललं होतं.
ते वजन बापाच्या गोष्टीत कधी आलं नाही.

दुसरा आकडा पहिल्याहून थोडा कमी.
शून्य नाही.
कॅप्टननी सही केली. हात जराही थरथरला नाही.
मला त्याचंच वाईट वाटलं.

बाहेर घोषणा झाली, तांत्रिक कारणामुळे.
हापूसच्या पेटीवर बसलेली एक बाई उठली
आणि काउंटरवरच्या पोरीला बोलू लागली,
आंबे पिकतील, लग्न चुकेल,
तुमच्या बापाचं काय जातं.
शब्द ओळखीचे वाटले.
मी काचेआडून ऐकत राहिले,
आपल्या घरातलं कुणी बोलावं तसं.

मग कॅप्टन परत आले.
टोपी पिशवीत, पट्टे काढलेले,
खांद्यावर त्यांच्या जागी नुसत्या खाचा.
"इथून कुडाळला एसटी मिळते का?"
"नऊ चाळीसची. फाट्यावर उभे राहा."

दुपारी घरी जाताना फाट्यावर
मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर दिसला.
बाटलीतलं पाणी तोंडात घेतलं,
खळखळून चूळ भरली, धुरळ्यात थुंकला,
आणि चढला.
गाडीत पन्नासेक माणसं.
मी पाय उचलला, आणि पायरीवर ठेवण्याआधी
नकळत
एक मोठा श्वास आत घेतला.