श्रिंकेजची पट्टी

आधी कळलं ते उजव्या चपलेला.
पट्टा रुतला, पाऊल आत जाईना,
पोटरी अशी ताठ, की आतून कुणी वाळू ठोकून भरलीय.
मी म्हटलं, उभ्यानं काम केलं की होतंच.
पण काम कुठलं?
उद्यमनगरातलं शेड बघून चार महिने झालेले,
डोकं उघडून, शिवून झालेलं,
आणि हात रंधा धरायचा विसरलेला.

मगदूम मॅडमनी पायाला जेली लावली,
पडद्याकडं बघत म्हणाल्या, गुठळी आहे.
मी म्हटलं, गाठ डोक्यात अन् गुठळी पोटरीत?
मधे एवढा माणूस पडलाय की.
त्या हसल्या नाहीत. कागद ओढून पेशी काढली.
म्हणाल्या, प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात,
पण सगळीच कामाला लागत नाहीत.
एवढं ऐकलं
आणि मला आमची पॅटर्नची माडी दिसली.

एकतीस वर्षं मी लाकडाचे पॅटर्न केले.
सागवान, शिवण, नंतर नंतर प्लायवूड.
पंपाच्या बॉड्या, इंजिनची चाकं,
नंबर टाकून रॅकवर धूळ खात बसलेली.
जो खाली उतरतो त्याचाच साचा होतो, त्यातच रस पडतो,
बाकीचे असून नसल्यासारखे.
माझ्या डोक्यात कुणीतरी रात्रपाळीला
भलताच पॅटर्न खाली काढला
आणि ओततच सुटला.

जे निघालं त्याचं नाव पोडोप्लॅनिन.
मयुरानं माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं,
लहानपणी मी तिच्याकडून पाढे घ्यायचो तसं.
गाठीच्या पेशींच्या अंगावर ते उगवतं,
रक्तातल्या प्लेटलेट त्याला धडकल्या
की एकमेकींना बिलगतात,
मग लांब कुठंतरी, पार पायात, रक्त थिजतं.

इब्राहिम मुजावर बघायला आला. आमचा मोल्डर.
त्याला हे सगळं सांगितलं.
म्हणाला, म्हंजे रस रनरमधीच गोठला की रं.
मॅडमना पान लागलं होतं, ह्याला एक ओळ.

दुसरा एक बदल असतो म्हणे, आयडीएच नावाचा.
तो ज्यांच्या गाठीत असतो
त्यांचं रक्त सहसा एवढं थिजत नाही.
माझ्या रिपोर्टात त्याच्यापुढं
'आढळला नाही'.
शालननं हे वाचून विचारलं,
मग चांगलंच की हो? आढळलं नाही म्हणजे?
कुणीच काही बोललं नाही. मयुरा पाणी आणायला गेली.

आता रोज रात्री पोटाला सुई.
रक्त पातळ ठेवायचं, पण बेतानं.
जास्त पातळ झालं तर डोक्यात, टाक्यांच्या आत, झिरपेल.
घट्ट राहिलं तर गुठळी सुटून छातीत जाईल.
भट्टीवर दुसरं काय असतं?
गार ओतलं तर वाटेत अडकतं,
फार गरम ओतलं तर साच्यातनं फुटून बाहेर.
मधल्या फटीत थोडे अंश,
तेवढ्यावर अख्ख्या उद्यमनगराची चूल पेटते.

काल एका फॉर्मवर सही दिली, डाव्या हातानं, वाकडी.
माझ्या डोक्यातला तुकडा अभ्यासाला ठेवणार,
मेणाच्या वडीत, कपाटात.
नाव घालत नाहीत, नुसता नंबर.
मला बरं वाटलं.
पॅटर्नवर आम्ही तरी नाव कुठं घालायचो.

सकाळी चहाआधी शालन पोटरीला सुतळी गुंडाळते,
चिमटीत धरून माझ्या स्टीलच्या पट्टीवर ताणते.
हाताला हीच पट्टी लागली तिच्या, हत्यारांच्या पेटीत वरच होती.
तिला श्रिंकेजची पट्टी म्हणतात.
लोखंड निवताना आकसतं, म्हणून तिच्यावरचा
एकेक सेंटिमीटर केसभर लांब आखलेला.
तिच्यावर काहीही मोजा,
आहे त्याहून जरा कमीच भरतं.

साडेछत्तीस, ती म्हणते,
आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिते.
परवा सदतीस होतं. उतरतंय बघा.

उतरतंय की, मी म्हणतो.