घर बंद होतं

धारूरच्या कसब्यात माझ्याकडं एकशे चौऱ्याण्णव घरं.
पिशवीत गोळ्या, निरोध, वजनकाटा, लाल पेन.
टार्गेट म्हणायचं नाही आता,
‘अपेक्षित पातळी’ म्हणायचं,
सिस्टरनं मीटिंगमध्ये दोनदा बजावलं.
पातळी विहिरीची असती. उन्हाळ्यात खाली जाती.

अय्यूब पिंजाऱ्याच्या दारात मी चार वर्षं उभी.
“हमारे में नै चलता आपा.”
कापूस उडून माझ्या बुरख्यावर बसायचा,
मी रजिस्टरात लिहायचे : नकार.
आतून कनीज बघायची,
एक पोरगी कडेवर, एक ओढणीला.

यंदा सीताफळांनी डोळे उघडले
आणि अय्यूबच माझ्या दारात.
वॉर्ड महिलेला सुटलाय, कनीजचा फॉर्म भरायचाय,
दोनाच्या वर लेकरू झालं की बाद, वकील म्हणला.
तिला दोन महिने झालेत.
“तुमच्या त्या गोळ्या…” जमिनीकडं बघत.

त्याची म्हातारी खाटेवर. तिला आणीबाणीतला ट्रक आठवतो,
बाजाराच्या दिवशी आलेला.
नवऱ्याला तिनं दोन रात्री कणगीत लपवलं.
शेजारच्या धनगराच्या पोराला नेलं,
त्याचं तर लग्नही नव्हतं झालं.
“तब पकडके ले जाती थी सरकार,
अब कुर्सी दिखाती.”

हाफिजसाबांना पडद्याआडून विचारलं.
ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
लेकरू राहू नये म्हणून जपून वागणं
जुन्या लोकांनी मना केलं नव्हतं, म्हणले,
पण बीवीची रजामंदी पाहिजे.
राहिल्यावरची गोष्ट वेगळी. त्यात बुजुर्गांचं एकमत नाही,
चार महिन्यांनंतर तर बोलूच नका.
आणि खुर्चीसाठी?
ते गप्प.
बाहेर नळाला पाणी आलं, बायकांची भांडणं सुरू झाली.

रजामंदी.
माझ्या रजिस्टरात नवऱ्याच्या नावाला रकाना आहे,
मुलांच्या संख्येला आहे, शेवटच्या पाळीला आहे.
हा शब्द किताबात कधीचा पडून,
कसब्यात कुणी मोठ्यानं वाचला नाही.
मी पण नाही.

कनीज गादीला टाके घालत होती.
विचारलं, तुला काय पाहिजे?
ती आधी हसली.
“पहिल्या दोघींच्या वेळी विचारायचं होतं, आपा.”
दोरा दातानं तोडला.
“फॉर्म तर मला भरायचाच होता.
ह्यांच्या डोक्यात यायच्या आधीपासून.”
मग पोटावर हात नाही ठेवला, काही नाही,
सुईत दुसरा दोरा ओवत बसली,
तिसऱ्यांदा ओवला गेला.
“गुरुवारपर्यंत थांबशील?”

गल्लीत आले तर सिस्टरचा फोन.
पिंजाऱ्याच्या घरचं काय झालं?
म्हणलं, घर बंद होतं.
मग मागं मशीन कशाचं धडधडतंय?
शेजाऱ्याचं असंल, मॅडम.