पाणी सोडणं

रणभिसे गार्ड रिटायर होऊन मिरजेला गेले, लेकीकडे.
जाताना रेल्वे क्वार्टरच्या ओट्यावरून
सात कुंड्या माझ्या सायकलला अडकवल्या.
नावं? वहीत होती, म्हणाले. वही वाळवीनं खाल्ली.
"इरण्णा, एवढंच ध्यानात ठेव,
ह्यांना तुझी फारशी गरज नाही."

मी महापालिकेचा चावीवाला.
लोखंडी दांडा घेऊन गल्लोगल्ली फिरतो,
चेंबरचं झाकण उचलतो, बावीस आटे डावीकडे,
तेव्हा पाचव्या दिवशी साखर पेठेत पाणी येतं.
मधले चार दिवस मला शिव्या येतात.
निम्म्या मराठीत, निम्म्या तेलुगूत,
एखादी कन्नडमधून. ती माझ्या आईच्या भाषेतली,
म्हणून जरा खोल जाते.

येमुलांची भार्गवी बॉटनीला आहे.
भिंग घेऊन आली, कुंड्यांपुढं उकिडवी बसली.
"काका, काटा नका बघू. काट्याचं बूड बघा.
तिथं कापसाची इवलीशी गादी असली, की कॅक्टस."
पाच जणांकडे गादी निघाली.
सहाव्याला सुई टोचली तर दूध आलं, चिकट:
"हा कॅक्टसच नव्हे, शेराचा चुलतभाऊ.
हात धुवा, डोळ्याला लावू नका."
म्हणजे कुंभारीच्या बांधावर लहानपणी
ज्याच्यावरून उड्या मारल्या, त्यांच्यातलाच.
कुंडी मिळाली म्हणून इंग्रजी दिसत होता.

सातव्याच्या डोक्यावर गुलाबी फूल.
महानंदा हरखली. आठवडा गेला तरी फूल सुकेना.
भार्गवीनं नखानं उचकटलं. खाली गोंदाचा थेंब.
"बाई गं," महानंदा म्हणाली, "बाशिंगच चिकटवलं होतं की."
तिथला डाग अजून आहे.

मेव्हण्याचा माग भंगारात गेला, तेव्हा
नक्षीची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पानं उरली होती.
ती कापून पट्ट्या केल्या, कुंड्यांत खोचल्या.
मॅमिलेरिया. हे भार्गवीचं अक्षर.
दुसऱ्याचं नाव ऐकूनच माझी जीभ अडकली,
मी लिहिलं, हनुवटीवाला.
त्याच्या प्रत्येक गादीखाली खरंच एक हनुवटी आहे.
फड्यानं ओळख स्वतःच करून दिली:
केसाएवढे काटे, दिसत नाहीत,
तीन दिवस कडक भाकरी मोडताना आठवत राहिला.
एका पट्टीवर अजून नुसती भोकं.
कुठल्यातरी चादरीवरच्या मोराचा तो तुकडा असेल.

काळी माती झटकली, मुळांत पांढरा पिठ्या ढेकूण,
स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला.
वर्तमानपत्राच्या गुंडाळीत धरून
सीनेच्या वाळूत, विटेच्या चुऱ्यात बसवले.
आठ दिवस पाणी नाही. आधी जाळीखाली, मग ऊन.
सगळं सांगितल्यासारखं केलं.

मग एप्रिल. त्रेचाळीस.
जोडभावी पेठेत एका म्हातारीनं
रिकामी घागर माझ्यासमोर उलटी केली.
बोलली काहीच नाही.
त्या रात्री घरी येऊन मी हनुवटीवाल्याला तांब्याभर पाणी घातलं.
दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्याही.
कुणी मागत नसताना द्यायला काय बरं वाटतं,
हे मला पन्नाशीत कळलं.

नवव्या दिवशी बोट लावलं, तर पिकल्या चिकूसारखा.
उचलला तसा बुडापासून सुटून हातात आला.

भार्गवीनं सुरी तापवली, चकत्या काढत गेली,
तपकिरी, तपकिरी, मग स्वच्छ हिरवं.
उरला लिंबाएवढा.
तो आता फुटक्या कपाच्या तोंडावर बसवलाय,
फळीवर, माझ्या दांड्याशेजारी.
माती नाही. पाणी तर नाहीच.
जखम सुकायला पाहिजे, म्हणाली.

"आणि मुळं? मुळं कधी येतील?"
"काही सांगता येत नाही, काका."

मी हसलो. महानंदाही हसली.
रोज चौकाचौकात
मीच तर हे सांगत असतो.

तरी सकाळी निघताना
कप उचलून खालून बघतोच.