कंट्रोल

मेडिकल चौकामागे, दुसऱ्या माळ्यावर,
जिथं कूलर मे महिन्यात नुसता आवाज करतो,
तिथं मी एकतीस वर्षं नावं जुळवली.

शकुन हेडाऊ, ५२, गोळीबार चौक.
शकुंतला हेडाव, ४९, पाचपावली.
एस. हेडाऊ, वय नाही, पत्ता: विहिरीजवळ.
तीन दवाखाने, तीन फायली,
गाल एकच. डावा.
तीन बायांची आधी एक बाई करायची,
मग त्या एकीला आकड्यात ठेवून द्यायचं.
लोक विचारतात, डॉक्टर ना तुम्ही, मग तपासता काय?
मी शुद्धलेखन तपासते.

माझ्या हातून कुणी बरं झालेलं नाही.
हे मी लग्नाच्या पंगतीत सांगत नाही.
तिथं कुणीतरी कोपऱ्यात नेऊन जीभ दाखवतं,
मी म्हणते उद्याच जा,
आणि मठ्ठा पिते.

घाटावरच्या वहीत कारणाच्या रकान्यात
वर्षानुवर्षं एकच: हार्ट बंद.
खोटं नाही. सगळ्यांचंच होतं.
तिथला कारकून, धनराज पराते,
काही नावांपुढे पेन्सिलीनं बारीक ‘ख’ काढून ठेवायचा.
खर्ऱ्याचा ख.
मी सांगितलं नव्हतं. त्यानं कधी विषय काढला नाही.
तो ख माझ्या कोणत्याच तक्त्यात बसला नाही.
त्याला पुरावा म्हणत नाहीत.

आणि तो अभ्यास, ज्यानं माझं नाव झालं:
दोनशे आजारी, चारशे धडधाकट.
धडधाकटांना आमच्याकडे म्हणतात कंट्रोल.
क्रमांक दोनशे चौदा, वच्छला नंदनवार, चौतीस,
हात मोडून आलेली, तोंड स्वच्छ, दात पांढरे.
‘कंट्रोल? म्हंजे राशनचं दुकान का जी?’
दोघी हसलो. तिचं प्लास्टर ओलं होतं अजून.
ती घरी खर्रा घोटायची, पन्नीवर,
सुपारी, चुना, एकशेवीस,
दिवसाला दीडशे पुड्या, भाऊ ठेल्यावर विकायचा.
प्रश्न सतरा: खाता का?
‘नाही जी. इकतो.’
मी ‘नाही’वर खूण केली. पुढचा प्रश्न.

नऊपट, असं निघालं उत्तर.
ते नऊपट दिल्लीला गेलं, परदेशात गेलं,
एका भिंतीवर रंगवलंसुद्धा गेलं,
त्याच भिंतीच्या बुडाशी लाल पिचकाऱ्या.
मग बंदी आली. पन्न्या टेबलाखाली गेल्या.

यंदा मार्चमध्ये फाईल आली.
वच्छला नंदनवार, एकसष्ट,
तोंड एक बोट उघडतं.
सवयीनं दुसरी नोंद शोधली, जुळवायला.
जुळली. डावा हात, जुना मोड.
या वेळी दोघींची एक करता येईना.

मी वॉर्डात जात नाही. त्या दिवशी गेले.
तिनं ओळखलं. ‘राशनवाल्या म्याडम,’
ओठ न हलवता, दातांमधल्या फटीतून.
मी विचारलं, तेव्हा तर नाही म्हणाला होता?
ती बराच वेळ लाळ पुसत राहिली. मग म्हणाली,
‘खाल्ला नाही जी कधी.
चुना बराबर पडला का नाई
ते चाखून पाहा लागे ना.
तुमी चाखता का म्हून इचारलंच नाही.’

दीडशे पुड्या. म्हणजे दिवसाला किती घोट,
किती चिमट्या, जिभेच्या डाव्या बाजूला.
त्या चारशेत घोटणाऱ्या आणखी किती होत्या,
आता कोण सांगणार.
नऊपट नव्हतंच ते. जास्त होतं.

अभ्यास बंद झाला की उघडत नाहीत.
चार महिन्यांनी मीही रिटायर.
लोखंडी कपाटात, उदळी लागलेल्या गठ्ठ्यात
दोनशे चौदा सापडला.
‘नाही’वरची माझी खूण किती ठाम, किती तरुण.
तिच्यापुढे मी पेन्सिलीनं
एक ख काढला.
खोडरबर हाताशी होता,
तो ड्रॉवरमध्ये टाकला
आणि शिपायाला म्हटलं, कूलरमध्ये पाणी घाल.