सेफ

रविनगरच्या मैदानावर चुन्याच्या रेघा
वाऱ्याने अर्ध्या पुसलेल्या.
सहा धावांनी मागे आम्ही, नववा डाव,
आणि महालची पोरं
आधीच तर्रीपोह्याच्या ठेल्याकडे वळलेली.

"काऊन बे, घरी चालले का?" उईके ओरडला,
बॅटच्या मुठीला थुंकी लावली
आणि चेंडू असा हाणला
की कडुलिंबात शिरला, पाखरं उडाली,
चेंडू काही खाली आला नाही.

पुढचं नीट सांगता येत नाही.
डबे वाजत होते. कोणी संत्र्याची सालं उधळली.
मी तिसऱ्या बेसवरून घसरत आलो;
गुडघा सोलला, अंपायरचे हात आडवे.

परवा जिना चढताना
तोच गुडघा दुखला.
डॉक्टर म्हणाले, वय.
मी म्हटलं, नाही हो,
सेफ.